गवत कापायचं मशीन आणि शिळं पेट्रोल

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज पापड-लोणच्याचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज बोलायचं आहे गवत कापायच्या मशीनबद्दल, आणि त्यातही फक्त त्याच्या पेट्रोलबद्दल. टाकीत ओतल्यापासून इंजिनात जळेपर्यंत ते कुठून कुठे जातं, वाटेत कुठे अडतं आणि अडू नये म्हणून आपण काय करायचं, एवढंच.

मी मुलुंडला राहते. माझं काम सोसायट्यांच्या बागांचं. मुलुंड, भांडुप, पवई, घाटकोपर आणि कधीकधी पार अंधेरी-बोरिवलीपर्यंत. हिरवळ कापायला ढकलायचा लॉन मोव्हर आणि कुंपणाकडेचं गवत कापायला खांद्याला अडकवायचा ग्रास कटर. या मशीनची दुरुस्तीही हळूहळू माझ्याकडेच आली. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या हिरवळीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तुमच्या गटाने भात कापायला किंवा गवत कापायला घेतलेला कटर, कुणाकडे असलेला पॉवर वीडर, पेट्रोलवरचा फवारणी पंप, या सगळ्यांचं इंजिन त्याच घराण्यातलं. टाकी, नळी, फिल्टर, कार्बोरेटर, सगळं तसंच.

आणि आमच्या उपनगरांचं आणि तुमच्या गवताचं नातं तर फार जुनं. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगावच्या तबेल्यांतल्या म्हशी वाढल्या त्या ठाणे जिल्ह्याच्या गवतावर. १९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत झाली, शहरातले तबेले तिकडे हलले, पण गवत येतच राहिलं. वाडा, मुरबाड, शहापूर, विक्रमगडकडच्या वखारींतून गाठी बांधून येणारं पावलीचं गवत आमच्याकडच्या जुन्या लोकांना चांगलं आठवतं. पूर्वी ते विळ्याने कापायचे. आता मजूर मिळत नाहीत म्हणून गट मशीन घेतात.

मशीन बंद पडण्याचे दोन मोसम मी बघते. शहरातली मशीनं जूनमध्ये येतात, पहिला पाऊस पडून गवत वर आलं की. गावाकडची येतात दसऱ्यानंतर. दोन्ही वेळेला वाक्य एकच असतं, “ताई, गेल्या वर्षी मस्त चालत होतं हो, ठेवून दिलं होतं नुसतं.”

नुसतं ठेवून दिलं होतं, हाच तर रोग आहे. रोज राबणारी मशीनं माझ्याकडे फार कमी येतात. आली तर पातं बोथट झालं, दोरी तुटली, असल्या कारणांनी. पेट्रोलच्या वाटेतली बहुतेक बिघाडं होतात मशीन विश्रांतीला असताना, टाकीत अर्धं पेट्रोल शिल्लक असताना.

मुरबाडकडच्या एका गटाच्या बायका मागे आल्या होत्या. गटाच्या पैशातून कटर घेतलेला, भाड्याने द्यायचा आणि स्वतःही गवत कापून वखारीला द्यायचं, असा बेत. पहिल्या वर्षी जमलं. दुसऱ्या वर्षी दसरा झाला, गवत तयार, आणि मशीन काही सुरू होईना. दोरी ओढून ओढून एकीचा खांदा धरला. तालुक्याच्या गावी मेकॅनिकने आठ दिवस ठेवून घेतलं. गवताला आठ दिवस थांबायला सांगता येत नाही. ते वाळत जातं, दाणा गळतो, रंग जातो, वखारवाला भाव पाडतो. त्यात हप्ता चालूच. आणि मशीनला झालं काय होतं? सुईच्या टोकाहून बारीक असं एक भोक बुजलं होतं, बस्स.

ते भोक का बुजतं ते सांगते.

पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नव्हे, हलक्या-जड अनेक तेलांचं मिश्रण आहे. नुसतं ठेवलं की त्यातला हलका भाग उडून जातो. इंजिन पेट घेतं ते मुख्यतः त्या हलक्या भागावर, म्हणून शिळ्या पेट्रोलवर मशीन सुरू व्हायला त्रास देतं. मागे राहिलेला भाग हवेशी लागून चिकट होत जातो. गुळाचा पाक कढईत तसाच राहिला तर कडेने कसा धरतो, तसा तो कार्बोरेटरमध्ये धरतो. पिवळट-तपकिरी थर, डिंकासारखा. कार्बोरेटरमधल्या ज्या भोकातून पेट्रोल फवारलं जातं, त्याला जेट म्हणतात. ते इतकं बारीक असतं की डिंकाचा एवढासा कण पुरतो.

दुसरी गोष्ट नवी आहे आणि आपल्या उसाशी तिचा संबंध आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल. उसाची मळी, उसाचा रस, धान्य यांपासून बनतं. आपल्या राज्यात २००३ साली ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये देशभराचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. म्हणजे आज एक लिटर पेट्रोल घेतलं तर त्यात २०० मिलिलिटरच्या आसपास इथेनॉल. ऊस लावणाऱ्यांना त्याचा पैसा मिळतो, चांगलंच आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लहान इंजिनांच्या पुस्तिका उघडून बघा, अनेकींत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. तेव्हा नवीन मशीन घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारायचं, “वीस टक्क्यांवालं पेट्रोल याला चालतं का? पुस्तिकेत कुठे लिहिलंय ते दाखवा.” जुन्या मशीनच्या रबरी नळ्या या पेट्रोलने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. त्या वर्षातून एकदा हाताने वाकवून बघायच्या.

इथेनॉलचा स्वभाव मिठासारखा. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, ते पाणी हवेतलं असतं. इथेनॉलही हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्याकडे खाडीची दमट हवा, तुमच्याकडे चार महिन्यांचा पाऊस. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतंच. थोडं पाणी असेल तोवर सगळं एकजीव राहतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला बरोबर घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी तोंड लावून बसलेली असते ती तळालाच! म्हणजे इंजिनाला आधी मिळतं ते पाणी.

ज्या मशीनमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावं लागतं, तिथे तर याहून वाईट. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या पाण्या-अल्कोहोलच्या थरात ते उतरत नाही. असं इंजिन एखादवेळी कसंबसं सुरू झालंच तर आत ऑइल नसताना फिरतं, पिस्टन तापतो आणि चिकटतो. मग मात्र खर्च शेकड्यांत राहत नाही.

संशय आला तर एक सोपी परीक्षा आहे. काचेची स्वच्छ, कोरडी बाटली घ्या. टाकीतलं थोडं पेट्रोल तळापासून तीत काढा आणि उजेडात, चुलीपासून लांब, दहा मिनिटं स्थिर ठेवा. एकसारखं पारदर्शक दिसलं तर ठीक. मध्ये रेघ दिसली, तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले, गढूळ दिसलं, तर ते पेट्रोल कामातून गेलं. वासावरूनही कळतं. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो, शिळ्याचा आंबट, वार्निशासारखा येतो. मुद्दाम नाक खुपसून हुंगायचं मात्र नाही.

आता पेट्रोलची वाट. तुमचं मशीन डोळ्यांसमोर आणा.

टाकीच्या आत एक लवचिक नळी लोंबते, तिच्या टोकाला फिल्टर असतो. बोराएवढा, कधी पांढरा, कधी तपकिरी. टाकी रिकामी करून, तारेचा आकडा करून तो अलगद बाहेर ओढता येतो. मोसम सुरू होण्याआधी काढून बघा. काळा पडला असेल, घट्ट झाला असेल तर धूत बसू नका, नवीन घाला. हा भाग स्वस्त असतो आणि तो वाचवून काहीही वाचत नाही. फिल्टर न लावता मशीन चालवायचं, हे तर कधीच नाही. मी मशीनं उघडते तेव्हा अधूनमधून नुसती नळीच दिसते. कुणीतरी “पेट्रोल चढत नव्हतं म्हणून काढून टाकला” असं सांगतं. म्हणजे पाणी गढूळ येतं म्हणून गाळणंच फेकून दिल्यासारखं झालं.

फिल्टरनंतर नळी बाहेर येते आणि कटरमध्ये पारदर्शक रबरी फुग्याकडे जाते. सुरू करण्यापूर्वी तो सात-आठ वेळा दाबायचा, आत पेट्रोल दिसेपर्यंत. हा फुगा तुमची नाडी-परीक्षा आहे. दाबल्यावर चपटाच राहिला, परत फुगलाच नाही, तर टाकीकडून येणारी वाट बंद आहे. फिल्टर बुजला किंवा नळी दुमडली. फुगतो पण आत नुसते बुडबुडेच येतात, तर कुठेतरी हवा शिरते आहे. नळीला तडा गेला, किंवा टाकीत पेट्रोल फार कमी आहे आणि मशीन आडवं धरल्यामुळे फिल्टर उघडा पडला.

मग येतो कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा यांची फोडणी इथे बसते. कटरमध्ये आत पातळ पडदा असतो, मोव्हरमध्ये बहुधा खाली एक वाटी असते. पडदा वाळून ताठ झाला की पेट्रोल ओढत नाही, तो बदलावा लागतो. वाटीवाल्या कार्बोरेटरमध्ये पाणी आणि कचरा वाटीच्या तळाला जमतो. पुष्कळ मोव्हरना वाटीच्या बाजूला किंवा खाली एक लहान स्क्रू असतो, तो सैल केला की तळाचं पेट्रोल बाहेर येतं. खाली भांडं धरा. एवढं केल्यानेही पुष्कळदा मशीन चालू लागतं.

एक विनंती. जेटच्या भोकात सुई, टाचणी, क्लचवायरची तार घालू नका. पितळ मऊ असतं. भोक जरा जरी मोठं झालं की मशीन जन्मभर जास्त पेट्रोल पिणार आणि धूर ओकणार. दुकानात कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मिळतो, तो मारायचा आणि हवेने फुंकून काढायचा. डोळ्यांना चष्मा लावून, उघड्यावर. कार्बोरेटरच्या अंगावरचे दोन-तीन स्क्रू असतात ना, सहज फिरवावेसे वाटणारे, त्यांना हात लावायचा नाही. ते मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून बसवायचे असतात.

हवेचा फिल्टर पेट्रोलच्या वाटेत येत नाही, पण मी त्याला याच यादीत धरते. तो बुजला की इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त मिळतं. प्लग काळा पडतो, मशीन दम टाकतं, पेट्रोल जास्त लागतं. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे चार थेंब लावून पिळून घ्या. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हलकेच आपटून धूळ झाडायची, फारच घाण असेल तर बदलायचा. गवत कापताना उडणारी धूळ फार, म्हणून मोसमात दर आठवड्याला एकदा उघडून बघाच.

आता ऑइलचं. लहान इंजिनं दोन जातींची. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. फोर स्ट्रोकमध्ये ऑइलची जागा वेगळी असते, तिथे वेगळं झाकण आणि मोजायची काडी असते, पेट्रोलमध्ये एक थेंबही घालायचा नाही. होंडाचं ३५ सीसीचं जीएक्स ३५ इंजिन पुष्कळ कटरना असतं, ते फोर स्ट्रोक. आपलं कुठलं आहे ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत बघा आणि पक्क्या शाईने टाकीवर मराठीत लिहून ठेवा. गटात मशीन हात बदलत जातं, आणि “मला वाटलं यात ऑइल घालत नाहीत” एवढ्या एका वाक्याने इंजिन जातं.

टू स्ट्रोकचं प्रमाण पुस्तिकेत असतं. ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. ४० ला १ असेल तर २५. २५ ला १ असेल तर ४०. बाळाच्या औषधाचं मापी झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज यासाठी उत्तम, फक्त ती परत औषधाला वापरू नका. ऑइल टू स्ट्रोकचंच, टू-टी म्हणून मिळतं ते. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल मुळीच नाही. आणि मिसळायचं ते मशीनच्या टाकीत नाही, वेगळ्या डब्यात. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. जितकं आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल तितकंच मिसळा. स्वस्त पडतं म्हणून पाच लिटर एकदम करून ठेवलं की शिळं पेट्रोल आपणच तयार केलं असं समजा.

पेट्रोल आणणं आणि ठेवणं हा बायकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा भाग आहे, कारण ते ठेवलं जातं घरात, आणि घरात चूल असते. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल आणू नका. बाटली मऊ पडते, आणि तहानलेलं पोर ती पाणी समजून तोंडाला लावतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यातच. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको. गटाला पाच लिटरचा धातूचा डबा भरपूर झाला. त्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. महिन्याच्या वरचं पेट्रोल मशीनमध्ये घालू नका.

डबा चुलीच्या खोलीत नको, देवघरातही नको, तिथे दिवा असतो. गोठ्याच्या टोकाला, सावलीत, मुलांचा हात पोचणार नाही असा. टाकीतून पेट्रोल काढताना नळी तोंडात घेऊन ओढायची सवय पुष्कळांना आहे. ती सोडा. एक घोट फुप्फुसात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. आणि चुकून पेट्रोल पोटात गेलंच तर उलटी करवू नका, सरळ दवाखान्यात न्या. साधा हातपंप बाजारात मिळतो, नाहीतर मशीन तिरकं करून नरसाळ्याने काढा.

गरम मशीनमध्ये पेट्रोल भरायचं नाही, हे तर पाठच करा. शेतात काम चालू असतं, टाकी संपते, घाई असते. दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, कुणाची खबरबात घ्या. वाळलेल्या गवतावर सांडलेलं पेट्रोल आणि तापलेला सायलेन्सर यांची गाठ पडली तर काय होईल? पावसाळ्यानंतरचं गवत किती झटकन पेटतं हे आम्ही डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावच्या डोंगरावर लागलेल्या आगीत पाहिलं. तुम्ही वणवे दर वर्षी बघताच. भरायची जागा गवतापासून लांब, मोकळ्या मातीवर ठरवा, आणि भरल्यावर तिथून थोडं दूर जाऊन मशीन सुरू करा.

लोकलने मशीन दुरुस्तीला आणणाऱ्यांसाठीही एक सांगते, कारण कसारा-कर्जतकडून बायका मुलुंडला, ठाण्याला मशीन घेऊन येतात. गाडीत पेट्रोल नेणं गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा सोडा, गर्दीच्या डब्यात टाकी गळली तर काय, याचा विचार करा. घरून निघतानाच टाकी पूर्ण रिकामी करा, झाकण उघडं ठेवून उघड्यावर वाळवा, मग आणा.

आता मशीन सुरू होत नसेल तर आधी काय बघायचं? बहुतेक जण सरळ कार्बोरेटर उघडतात. तो सगळ्यात शेवटी. आधी जुनं पेट्रोल काढून ताजं घाला. मग टाकीचं झाकण बघा. पाच-दहा मिनिटं चालून मशीन बंद पडतं, थोडं थांबलं की पुन्हा चालतं, असं होत असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असण्याचा संभव मोठा. बंद पडल्या पडल्या झाकण जरासं सैल करा. हवा आत ओढल्याचा “स्स्” आवाज आला की रोग सापडला. गरम पाणी आणि जुना ब्रश, काम झालं. चोक लावल्यावर चालतं पण चोक काढला की मरतं, तर पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे फिल्टर नाहीतर जेट. दोरी खूप ओढली आणि पेट्रोलचा वास येतोय, प्लग काढला तर ओला, तर पेट्रोल जास्त झालं. प्लग पुसून वाळवा, चोक काढून, प्लगची जागा उघडी असताना पाच-सहा वेळा दोरी ओढा, मग प्लग लावा. हे करताना प्लगची वायर लांब बांधून ठेवा, ठिणगी पडू देऊ नका.

मोव्हरवाल्यांसाठी अजून एक. पात्याखालचं गवत काढायला मशीन आडवं करायचं तर आधी प्लगची टोपी काढा, नाहीतर पातं हाताने फिरवताना इंजिन चालू होऊ शकतं. आणि आडवं करताना हवेचा फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला येतील असंच करा. उलट केलं की ऑइल फिल्टरमध्ये, पेट्रोल जमिनीवर.

मेकॅनिककडे न्यायची वेळ आलीच, तर काय काय करून पाहिलं ते सांगा. आम्हाला कामाला सोपं जातं आणि समोरच्यालाही कळतं की या बाईला समजतं. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. एकदा पंपावर मशीनचं पेट्रोल घेताना मला सांगण्यात आलं, “भाऊंना पाठवा, तुम्हाला कळणार नाही.” भाऊ माझ्याकडे नाहीत आणि मशीन माझं आहे, एवढं बोलून मी पेट्रोल घेतलं. तुम्हालाही असं कुणी म्हणेल, मनावर घेऊ नका.

आणि आता ज्यासाठी एवढं बोलले ते. मोसम संपला, शेवटचं गवत कापून झालं, की त्याच दिवशी अर्धा तास काढा. इंजिन गार होऊ द्या. टाकी रिकामी करा. मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये राहिलेलं जळून जाईल. फुगा असेल तर दाबून दाबून मोकळा करा, शेवटी नळीत राहिलेल्या थेंबांसाठी अजून एकदा सुरू करून बघा. वाटी असेल तर तिचा स्क्रू सैल करून तीही रिकामी करा. प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल टाका, वर फडकं धरून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग परत बसवा. मशीन पुसून गोणपाटात, कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो.

काढलेलं पेट्रोल ऑइल न मिसळलेलं आणि ताजं असेल तर कुणाच्या मोटारसायकलच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं घालून संपवा. ऑइल मिसळलेलं किंवा शिळं असेल तर गॅरेजमध्ये टाकाऊ ऑइलच्या डब्यात द्या. ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. चूल पेटवायला तर नाहीच नाही. पेट्रोलने चूल पेटवताना भाजलेल्या बायका कुठल्याही सरकारी दवाखान्यात विचारा.

गटात हे कुणी करायचं, ते ठरवून टाका. सगळ्यांनी करायचं म्हटलं की कुणीच करत नाही. एकीकडे मशीन, तिच्याकडेच पेट्रोलचा डबा आणि एक वही. पेट्रोल कधी आणलं, ऑइल किती घातलं, फिल्टर कधी बदलला, कुणाला भाड्याने दिलं. भाड्याने देताना पेट्रोल आपलंच द्या आणि त्याचे पैसे लावा. घेणारा कुठलं जुनं पेट्रोल ओततो, ऑइल घालतो की नाही, याचा भरवसा नाही. सांभाळणारीला त्याबद्दल भाड्यातला वाटा द्या, गटाचं काम म्हणून फुकट राबवू नका.

मागच्या वेळी एका वहिनींनी फोनवर विचारलं होतं की त्यांचे दीर सांगतात, टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत गंज धरत नाही. दीर चुकीचं सांगत नाहीत, जुन्या पत्र्याच्या टाक्यांना आणि इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला ते बरोबर होतं. आताच्या कटरची टाकी बहुधा प्लॅस्टिकची, तिला गंज नाही, आणि पेट्रोल पाणी ओढणारं. म्हणून वहिनी, तुमच्या मशीनला रिकामी टाकीच बरी. तुमची टाकी पत्र्याची असेल तर रिकामी केल्यावर आत चमचाभर ऑइल टाकून सगळीकडे फिरवा आणि झाकण लावून ठेवा. पुढच्या मोसमात ते ऑइल आधी ओतून काढा, थोड्या ताज्या पेट्रोलने टाकी खळबळून घ्या, मग भरा.